एक्केचाळिसावी नोंद

वंदना,

एक्केचाळीसपैकी चाळीस नोंदी दुरुस्त झाल्या आणि एक राहिली, हे तुला माहीत होतं. ती एक माझी, हेही माहीत होतं. का राहिली ते मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारायचीस, मी दर वेळी वेगळं कारण द्यायची, आणि तू दर वेळी ते मानून घ्यायचीस. कॉम्प्युटरनं दाखवलेल्या एका ओळीच्या चुकीवरसुद्धा विश्वास न ठेवता अख्खी दुपार ती उकरत बसणारी बाई तू. माझ्या थापा अशा गुमान मानून घेतेस, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, की तू मानत नव्हतीस. तू थांबली होतीस.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाला अकोल्याला आले होते. लोक तुझ्या आयटीआयतल्या शिकवण्याबद्दल बोलले, चांगलं बोलले. पण मला त्यात माझी वंदना सापडेना. माझी वंदना म्हणजे मूर्तिजापुरातली आपल्या बचत गटाची पत्र्याची खोली, लॅपटॉप तापू नये म्हणून त्याखाली पालथ्या घातलेल्या दोन वाट्या, आणि 'ताई, घाई नोका करू, ते विचार करून राहिलं' असं मशिनीची बाजू घेऊन मला दटावणारी तू. मी अमरावतीहून निघायची, तू अकोल्याहून, आणि दर शनिवारी अर्ध्या वाटेवर भेट. 'दोघींचंही जवळपास सारखंच अंतर, म्हणजे उशीर झाला तर कारण सांगायची सोय नाही,' हे तुझंच.

आपली पहिली भेट आठवते का? अकोल्यात गटाच्या बायांसाठी कॉम्प्युटरचं प्रशिक्षण होतं. तू पडद्यावर तक्ता दाखवत होतीस. मी हात वर केला. दहावीनंतर शाळा सुटलेली, साठीला आलेली, पुढं जे काही शिकले ते पोरींच्या पुस्तकांतून आणि फोनवरच्या व्हिडिओंतून. मी विचारलं, "मॅडम, यातलं कोणी काही खोडलं, तं ते कोणं खोडलं हे कसं समजते?"

तू म्हणालीस, "नाही समजत." मग जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसलीस, माझ्या डब्यातली भाकर न विचारता मोडलीस आणि म्हणालीस, "आता सांगा, काय खोडलं तुमचं?"

मी सांगितलं. आमच्या गटातल्या बाया गावरान बी जपतात. अंबाडी, वाल, बरबटी म्हणजे चवळी, काटेरी वांगं, जुनी ज्वारी. कोणी राखेत ठेवते, कोणी कडुनिंबाच्या पाल्यात. कोणाचं बी कोणतं, त्याची वही होती. पण गटाची सचिव बदलली की वही नव्यानं उतरवली जायची आणि दर वेळी चार नावं गळायची. त्यात बाहेरच्या कोणीतरी एक छापील पुस्तिका काढली. आमच्याच बियांचे गुळगुळीत फोटो, आणि खाली लिहिलेलं, 'स्थानिक वाण'. पानोपानी बी होतं, बाई एकही नव्हती. फोटोतल्या एका तळहातावर कांकणं दिसत होती, तेवढीच.

तू भाकर खात ऐकलंस. मग ब्लॉकचेनचं, म्हणजे नोंदींच्या साखळीचं सांगितलंस. एक नोंदवही, जिची नक्कल जगभरच्या कितीतरी मशिनींवर एकाच वेळी असते. एकदा लिहिलं की कोणाच्या बापाला खोडता येत नाही, फक्त खाली नवीन लिहिता येतं. मी म्हटलं, "म्हंजे गावातल्या बायांची जीभच झाली." तू म्हणालीस, "तिच्यापेक्षा जरा भरवशाची."

मग तू मला शिकवायला घेतलंस. पुढची दोन वर्षं तू मला जे दिलंस, ते मोजायला गेले तर तूच रागावशील.

त्या साखळीशी थेट बोलणं म्हणजे दगडाशी बोलणं होतं. मधे एक लायब्ररी लागते, तू म्हणालीस. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेलं काम. मी भाव खाल्ला, की सगळं माझं मी लिहीन. तेव्हा तू म्हणालीस, "ताई, फोडणी तुमीच देता ना? मंग मोहरी काय तुमी पिकवता?" लिहायला बसले. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत पहिली ओळ, ही लायब्ररी घे. दुसऱ्या ओळीत साखळीतल्या एका मशिनीचा पत्ता. तिसऱ्या ओळीत तिला विचारायचं, जोडली गेलीस का? पहिले तीन शनिवार ती 'फॉल्स' म्हणाली. चौथ्या शनिवारी 'ट्रू' म्हणाली, आणि मी उठून खोलीबाहेर गेले. तुला वाटलं पाणी प्यायला गेले. रडायला गेले होते. साठीच्या बाईचं कोणी इतक्या लांबून ऐकतं, याची सवय नव्हती.

सहा महिने तू मला सरावाच्या नेटवर्कवरच ठेवलंस. तिथं मी काय काय लिहिलं ते आठवून आजही हसू येतं. 'आज ऊन लय हाय.' 'वंदनाचा चहा पांचट.' दर नोंदीला आधीच्यापेक्षा एक पुढचा नंबर द्यावा लागे, दवाखान्यातल्यासारखा. मी तोच नंबर दोनदा द्यायची आणि लायब्ररी दुसरी नोंद परत करायची. पत्त्यांची तर शिस्तच न्यारी. साखळीवर प्रत्येकाचा बेचाळीस अक्षरांचा पत्ता, त्यातलं एक अक्षर मोठ्याऐवजी लहान पडलं, तरी ती पुढं पाऊल टाकू देत नसे. मी म्हणायची, ही तर माझ्या सासूहून कडक. तू म्हणायचीस, "कडक आहे म्हणूनच भरवसा ठेवायचा."

आणि त्याच भरवशानं आपला घात केला. खरं तर माझा. आज ते पूर्ण लिहिते, कारण आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

नोंदींचा तक्ता मी केला होता. गावोगाव फिरून, प्रत्येक बाईच्या ओसरीवर बसून. रकाना होता, 'बी जपणाऱ्याचं नाव'. मी विचारायची, नाव सांग. बाया सांगायच्या. मी लिहायची. मूर्तिजापूरच्या खोलीत आपण एक्केचाळीस नोंदी खऱ्या साखळीवर पाठवल्या. एकेक पावती येत गेली, एकही परत आली नाही. आपण खालून आलुबोंडे मागवले. खाता खाता तू सहज यादी उघडलीस आणि मोठ्यानं वाचायला लागलीस. भीमराव. तुळशीराम. नामदेव. पंजाबराव. दहाव्या नावाला तुझा आवाज हळू झाला. विसाव्याला तू थांबलीस.

"ताई," तू म्हणालीस, "यात बाई कुठं हाय?"

मी लॅपटॉप माझ्याकडं ओढला. एक्केचाळीसपैकी चाळीस नावं नवऱ्यांची. रेशनच्या फॉर्मवर, शाळेत, दवाखान्यात, जिथं कुठं 'नाव सांग' असं कोणी विचारलं तिथं आमच्या बायांनी जन्मभर नवऱ्याचंच नाव सांगितलं. मला तेच सांगितलं. मी बाई असून तेच लिहिलं. माझ्या स्वतःच्या नोंदीतसुद्धा, बरबटीच्या पुढं, यांचं नाव. लिहिताना हात अडला नाही की डोळा अडला नाही. पत्त्यातलं एक लहान अक्षर पकडणाऱ्या त्या लायब्ररीनं चाळीस बायांच्या जागी चाळीस बाप्ये बसले, तरी हूं की चूं केलं नाही. तिला पत्ता बरोबर पाहिजे होता. माणूस बरोबर आहे की नाही हे बघायला आपण दोघी होतो.

एकच नाव बाईचं निघालं, गिरजाबाईचं. ती आपल्यातली सर्वांत म्हातारी. तिनं मला तेव्हाच सुनावलं होतं, "माहंच नाव लिव. त्याले तूर न् मूग एका ठिकानी ठेवले तं ओयखू येत नाही."

मी म्हटलं, "खोडून टाक."

"खोडता येत नाही, ताई. त्यासाठीच तं आपण इथं आलो."

"मंग ही वहीच फेकून दे. नवी काढ. पह्यलेपासून लिहू."

"नवी काढता येते," तू म्हणालीस. "पण मी काढणार नाही."

काय भांडलो आपण. मी म्हटलं, आमचा अडाणीपणा तुला जगाला दाखवायचा आहे. तुझी नोकरी सरकारी, तुझं नाव तुझ्या पगारपत्रकावर, तुला काय समजणार. हे मी बोलले. अर्धा आलुबोंडा कागदात तसाच ठेवून मी बस पकडली. पुढचे दोन शनिवार आले नाही. तिसऱ्या शनिवारी आले, तेव्हा तू खोली झाडत होतीस. झाडू न थांबवता तू जे सांगितलंस, ते शब्दाशब्दाला आठवतं.

"माही माय जलमभर रोजीनं गेली. रोजगार हमीच्या मस्टरवर तिचं नाव कधीच नव्हतं. 'किसनची बायको', असं होतं. ते मस्टर गेले रद्दीत. आता मी कोणाले सांगतलं का असं लिहीत होते, तं म्हणतात, छे, असं कुठं असते का. ताई, चूक मिटली न, का ती झालीच नव्हती असं होते. मले ती मिटवाची नाही. तिच्या खाली बरोबर लिहाचं हाय."

मी तुझ्या हातातला झाडू घेतला. माफी मागायची ती आमची रीत.

तू नोंदीची रचनाच अशी केली होतीस, की एका बियाखाली एकामागून एक ओळी जोडता येत होत्या. म्हणजे वाट होती. पण नुसतं नाव बदलून भागणार नव्हतं, हे मला कळलं होतं. प्रश्नच चुकला होता. दुसऱ्यांदा आपण दोघी मिळून गावोगाव गेलो. या खेपेला 'नाव सांग' म्हटलं नाही. विचारलं, "हे बी तुमाले कोणं देलं?" आणि वंदना, काय झालं ते आठवतं ना? बाया आधी हसल्या, मग बोलायला लागल्या. माया मायनं. माया सासूनं, मराच्या आंधी. मावशीनं, लुगड्याच्या पदरात बांधून. आणि 'मायचं नाव काय' म्हटलं की काही जणी एकदम थबकल्या. मायला माय सोडून काही म्हटलंच नव्हतं. एकीनं त्यासाठी भावाला फोन केला. नाव कळल्यावर फोन कानाला तसाच धरून ती किती तरी वेळ बसली होती.

तू नोंदीत 'टीप' म्हणून एक मोकळी जागा ठेवली होतीस. ती बी देणाऱ्या बायांच्या नावांनी भरून गेली. यमुना. पार्वता. साळू. ठकू. गिरजाबाईनंही आपल्या मायचं नाव घालून घेतलं. एकोणचाळीस दुरुस्त्या आणि एक गिरजाबाई, अशा चाळीस.

राहिली माझी.

तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, यांचं नाव राहू दे. ते गेले, आता कुठं दुसरीकडं राहिलं आहे त्यांचं नाव. पुढं म्हटलं, बरबटीला पाणी त्यांनीच वाहिलं. त्यानंतर म्हटलं, माझी चावी सापडत नाही. चावी म्हणजे गुपित अक्षरांची ती लांबलचक ओळ, जिच्याशिवाय नोंदीवर सही होत नाही. तू मला माझी वेगळी चावी काढून दिली होतीस, नोंदी लिहायची परवानगी माझ्या पत्त्याला जोडली होतीस. मी म्हटलं होतं, कशाला, तुझी आहे ना. तू म्हणालीस, "मी नसली तं?" मी म्हटलं, "कावून नसशील?" चावी कुठं ठेवते ते सांगायला लागले तर तू कानावर हात ठेवलेस, "मले नोका सांगू. मलेही नाही."

दवाखान्यात तू शेवटचं जे नीट बोललीस, तेही हेच. "ताई, एक राहिली."

"करतो ना वं. विचारून विचारून डोकं खाल्लं माहं."

"विचारून नाही राहिली. आठवण देऊन राहिली."

तर आता ऐक. तुझ्या जिवंतपणी ऐकवायला पाहिजे होतं, पण तुझ्यासमोर माझी मान वर असायची, ती मला खाली घालवेना.

बरबटीचं बी माझ्या माहेरचं आहे, असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगितलं. तुला पण सांगितलं. ते खोटं आहे. ते बी माझ्या थोरल्या जावेनं दिलं. सुभद्राबाईनं. विहिरीच्या पाण्यावरून भाऊभाऊ भांडले, वाटण्या झाल्या, आम्ही दर्यापूरकडचं घर सोडून निघालो. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बैलगाडीत सामान चढलं होतं. तेव्हा ती आली, पदराची गाठ सोडली आणि मूठभर बरबटी राखेसकट माझ्या ओच्यात टाकली. "तुरीच्या तासात पेरजो," एवढंच म्हणाली. मी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नव्या घरी शेंगा आल्या, शेजारणी कौतुक करायला लागल्या, बी कुठलं विचारायला लागल्या. त्या जखमेवर तिचं नाव घेणं मला हरल्यासारखं वाटलं. म्हटलं, माया माहेरचं. एकदा म्हटलं की मग तेच म्हणत राहावं लागलं.

म्हणून माझी नोंद अडली होती. न खोडता येणाऱ्या जागी खोटं लिहायची हिंमत नव्हती आणि खरं लिहायची दानत नव्हती. म्हणून नवऱ्याच्या नावामागं लपून बसले. चाळीस जणींना 'तुमाले कोणं देलं' असं विचारत फिरणारी मी.

परवा सुभद्राबाईकडं गेले. ऐंशीच्या पुढं गेली आहे. ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी पाया पडले, शेजारी बसले, मीही सोलायला लागले. सगळं सांगितलं. बी, खोटं, तुझी साखळी, तू. तिला साखळीचं किती कळलं देव जाणे. तिनं हात थांबवला नाही.

"मले माईत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू माहेरचं बी सांगतं म्हनून. गावागावात सोयरे हायेत, लीले. कानावर येतेच."

"मंग बोलल्या कावून नाही? तीस वर्सं झाली, बाई."

"पेरत होतीस ना," ती म्हणाली. "मंग झालं."

ढीगभर शेंगा सोलून झाल्यावर तिनंच विचारलं, "लिवून राहिलीस तं माहंच कावून लिवतं? मले माया आत्यानं देलं. चंद्रभागा म्हनत तिले. पातूरची होती. आंधी तिचं लिव."

आज दुपारी जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला. खाली वाट्या पालथ्या घातल्या. तुझाच प्रोग्राम, त्यात फक्त चावी माझी. पहिल्यांदा लायब्ररीनं परत केलं, नंबर मागचा पडला होता. शेजारी कोणी हसलं नाही. नंबर सुधारला, पुन्हा पाठवलं, पावती येईपर्यंत घाई केली नाही. आली.

मग नोंद वाचली. बरबटी. पहिली ओळ, यांचं नाव. ते तसंच आहे, आणि तिथंच असू दे, हा वाद तू जिंकलीस. दुसरी ओळ, लीला. टीप, बी दिलं सुभद्रानं, थोरली जाऊ. तिला दिलं चंद्रभागानं, आत्या, राहणार पातूर.

आपला दुसरा एक वाद अजून बाकी आहे. या सगळ्या नोंदींत तुझं नाव कुठंच नाही, आणि मी म्हटलं तेव्हा तू उडवून लावलंस, "माहं काही बी नाही, माहं नाव कशाले?" गटातल्या बाया ऐकायला तयार नाहीत. गिरजाबाई तर मला धरून बसली आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही. तुझ्या मनाविरुद्ध, न खोडता येणारं काही तुझ्याबद्दल लिहावं का, हे मला ठरवता येत नाही. तू असतीस तर यावर तीन शनिवार भांडलो असतो.

आजपर्यंत मी पाठवलेली प्रत्येक खरी नोंद तू आधी वाचायचीस. ही वाचायला तू नव्हतीस, म्हणून मी दोनदा वाचली. त्यातही काही चुकलं असेल तर चुकू दे. खाली लिहिता येतं, हे मला तूच शिकवलंस.